कागद जाळणारे, कागद मागणारे

12 मे 1875. वार बुधवार. सुप्याचा बाजार भरला होता. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आता बारामती तालुक्यात आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे-सुपे म्हणून शाळेत आपण ज्याचं नाव पाठ करतो, तेच हे गाव. पाऊस सगळा सह्याद्रीवर पडून जातो आणि इथवर येतात ते नुसते ढग. मुरमाड माळ, कुसळी गवत, आणि जवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात त्या गवताच्याच रंगाची चिंकारा हरणं. मे महिन्यात या मुलखात जमीन भेगाळलेली असते आणि घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं. अशा दिवसांत आसपासच्या गावांहून बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांनी गुजर सावकारांची घरं आणि दुकानं फोडली.

पुढचे दोन महिने हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरत गेलं. तीसहून जास्त गावं, साडेसहा हजार चौरस किलोमीटरचा टापू. गावांत पोलीस बसले, लष्कर बोलावलं गेलं, 951 जणांना धरलं. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात आणि साधारण अर्ध्या पानात ते उरकतात.

त्या अर्ध्या पानात एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. शेतकरी सावकाराच्या दारात जाऊन कर्जरोखे मागत होते. वह्या, खतं, कोर्टाचे हुकूमनामे, जे असेल ते बाहेर काढा. ज्यानं ते निमूट काढून दिलं, त्याच्या घराला बहुतेक ठिकाणी पुढे कोणी हात लावला नाही. कागद चौकात आणून जाळले आणि लोक आपापल्या वाटेनं गेले. ज्यानं नकार दिला, त्याच्यावर जबरदस्ती झाली. मारहाण झाली, गंजी पेटल्या, घरं पेटली. हे मला झाकायचं नाही. पण एवढ्या मोठ्या टापूच्या मानानं माणसांवर हात टाकल्याचे प्रकार थोडे होते. सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानंच हे नोंदवून ठेवलं आहे. उपाशी माणसांचा जमाव धान्याच्या कोठारासमोर उभा होता आणि मागत होता कागद. गेली कित्येक वर्षं मी या एका गोष्टीवर अडलो आहे.

आमच्या घरी आजोबांच्या पेटीत असाच एक रोखा आहे. तो जाळायचा राहिला की फेडून परत आला, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. जाड, खरबरीत कागद, घडीवर चिरलेला. मजकूर मोडीत, वरपासून खालपर्यंत एका हाताचा, कुठेही बोरू न उचलता लिहिल्यासारखा. सगळ्यात शेवटी डाव्या बाजूला शाईनं काढलेला छोटा नांगर. ती आमच्या पूर्वजाची सही. लिहिता न येणारा शेतकरी त्या काळी 'निशाणी नांगर' करायचा. मजकूर दुसऱ्यानं लिहायचा, वाचून दाखवायचा तोही दुसऱ्यानंच, यानं फक्त खाली मान्यता द्यायची. त्या नांगराचा रुमण्याकडचा भाग थोडा फाटला आहे. बोट ठेवलं की शाईचा किंचित उंचवटा अजून लागतो.

व्याजाचा दर दरमहा शेकडा दोन रुपये. ऐकायला फार वाटत नाही. शंभर रुपये काढले आणि तीन वर्षं काहीच फेडता आलं नाही, तर बहात्तर रुपये व्याज होतं. हिशेब इथेच थांबला असता तरी माणूस कसाबसा निभावून नेईल. आपल्याकडे दामदुपटीचा जुना रिवाज होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. पण 1859 साली मुदतीचा कायदा आला. कर्जरोख्यावर दावा लावायचा तर तीन वर्षांच्या आत. व्याज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. झालं उलटंच. मुदत संपायच्या आत सावकार शेतकऱ्याला बोलावून नवा रोखा लिहून घ्यायला लागला. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, हे नवं मुद्दल. म्हणजे एकशे बहात्तर. आणखी तीन वर्षांनी दोनशे शहाण्णव. नवव्या वर्षी पाचशेच्या वर. शेतकऱ्याच्या हातात मधल्या काळात एक पैसाही पडलेला नाही आणि दामदुपटीचा नियमही कागदावर कुठे मोडलेला दिसत नाही, कारण प्रत्येक नव्या रोख्यात व्याजाचं मुद्दल झालेलं.

शेतकऱ्याच्या बचावासाठी केलेल्या कायद्यानंच त्याचा गळा आवळला गेला. कोर्टात साहेबापुढे रोखा ठेवला की साहेब खालची निशाणी बघणार. ही तुझीच का? हो. मग हुकूमनामा. पैसे किती घेतले, किती फेडले, माल किती घातला, हे विचारायची सोयच नव्हती.

अहमदनगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका शेतकऱ्यानं कलेक्टरकडे अर्ज केला होता. तो या आयोगाच्या कागदपत्रांत आला आहे. त्याची तक्रार अगदी रोजच्या व्यवहाराची आहे. रोख पैसे नाहीत म्हणून कापड आणि धान्य सावकाराकडूनच घ्यावं लागतं, आणि तो रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त लावतो. शेतातला माल तोच उचलून नेतो, खात्यावर जमा करतो म्हणतो, पण पावती देत नाही. या अर्जदारानं सावकाराला राक्षस ठरवलेलं नाही. पावती मिळत नाही, हे त्याचं गाऱ्हाणं. सरळ मार्गानं, सरकारच्या दारात जाऊन त्यानं ते मांडलं होतं.

कर्ज मुळात का काढावं लागलं, ही कथा इंदापूरपासून सुरू होते. विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथे 1836 च्या सुमारास जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी शेतसारा ठरवला. तीस वर्षं संपली आणि 1867 पासून फेरआकारणी सुरू झाली. सारा किती वाढला? काही ठिकाणी दीडपट, काही ठिकाणी दुप्पट. वाढीचा मुहूर्तही वाईट होता. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, 1861 ते 1865. तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी कोट्यधीश झाले. राजाबाई टॉवर त्यांनी आईच्या नावानं दिलेल्या देणगीतून उभा राहिला, तो याच काळातला पैसा. सावकारांना वरून पैसा सुटला, त्यांनी खाली शेतकऱ्यांना सोडला. त्याच दिवसांत दख्खनमध्ये रेल्वेची कामं चालू, मजुरी बरी, बैलगाड्यांना भाडं. भीमथडीच्या कोरडवाहू रानात कापूस फारसा नव्हता, पण पैशाची ऊब तिथवरही पोचली होती. मोजणीवाल्या साहेबांनी ती ऊब पाहिली आणि सारा वाढवला.

युद्ध संपलं. 1865 साली मुंबईचा शेअर बाजार कोसळला. कापसाचा भाव उतरला, धान्याचाही उतरला, रेल्वेची कामं आटपली. सारा मात्र वाढलेलाच राहिला, आणि तो रोखीत, हप्त्याच्या तारखेला भरायचा. वर सावकारांनी उधारी आखडती घेतली.

इथे 'दोष कुणाचा' हा प्रश्न येतो. आयोगाला तो नेमका घालूनच दिला होता: सरकारच्या साऱ्यामुळे हे घडलं का? 1878 साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आलेल्या अहवालाचं उत्तर असं, की नाही, सारा हे कारण नव्हे, सावकार हे कारण. ऑक्लंड कॉल्व्हिन या एका सदस्यानं वेगळं टिपण जोडून साऱ्याच्या वाढीकडे बोट दाखवलं. ते टिपण अहवालात आहे, पण निकाल बदलण्याइतकं त्याचं वजन पडलं नाही.

एक राजवट आपल्याच वसुलीबद्दल चौकशी करते आणि वसुली निर्दोष ठरवते. मला याचा राग येतो, दीडशे वर्षांनंतरही येतो. कारण हे उत्तर फार सोयीचं होतं. सावकार गावात दिसणारा माणूस, परक्या प्रांतातून आलेला, वेगळी भाषा, वेगळा धर्म किंवा जात, गावाच्या सोयरिकीत नसलेला. त्याच्यावर खापर फोडायला कुणाची हरकत असणार?

आणि हे खापर फक्त साहेबानं फोडलं असंही नाही. दंगेखोरांनीही तीच माणसं निवडली. हल्ले जवळजवळ सगळे गुजर आणि मारवाडी सावकारांवर झाले. ब्राह्मण सावकारही त्या गावांत होते, तेही व्याजानं पैसे देत होते, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. काही जण सांगतात की त्यांचे व्यवहार त्यातल्या त्यात सौम्य होते. असतीलही. पण गावचा माणूस आणि बाहेरचा माणूस हा फरक तिथे काम करत होता, हे नाकारता येत नाही. 1875 च्या शेतकऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तरीही या जागी मी अडखळतो. अन्यायाविरुद्धचा राग जात आणि प्रांत बघून वाट काढतो, तेव्हा त्याच अन्यायाचा एक वाटेकरी सुटतो. जोतीराव फुले याच काळात पुण्यात होते. त्यांनी पुढे शेतकऱ्याच्या दुर्दशेवर लिहिताना सावकाराला सोडलं नाही, पण तेवढ्यावर थांबलेही नाहीत. कुलकर्णी, कचेरीतला कारकून, वरचा गोरा साहेब, अशी सगळी साखळी त्यांनी उलगडून दाखवली. एकाच कडीवर बोट ठेवून बाकीच्या सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते.

दंग्याच्या आधी एक बहिष्कारही झाला होता, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. शिरूर तालुक्यातलं करडे गाव. तिथल्या काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला, घरादारावर टाच आणली. देशमुख गावातलं मातब्बर नाव. गावानं ठरवलं, सावकाराचं काम कोणी करायचं नाही. पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही, शेत कसायचं नाही. 1874 च्या अखेरची ही गोष्ट. तिथून ही हवा आसपास पसरली आणि पाच-सहा महिन्यांत सुप्याला पोचली. पुढारी देशमुख होता, कुणी अन्नाला महाग झालेला मजूर नव्हता. ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीनच नव्हती, त्याला सावकारही दारात उभा करत नव्हता. त्याच्या नावाचा रोखा नाही, म्हणून जाळायलाही काही नाही. विषमतेविरुद्धच्या मोर्चात सगळ्यात खालचा माणूस बरेचदा सगळ्यात मागे असतो, किंवा नसतोच.

'त्यांचा राग चुकीच्या माणसावर निघाला' असं एक वाक्य या दंग्यांबद्दल नेहमी ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. माणूस निवडताना त्यांची गल्लत झाली असेल, पण वस्तू निवडताना मुळीच झाली नाही. सारा कलेक्टर कचेरीत ठरत होता, कापसाचा भाव लिव्हरपूलला, मुदतीचा कायदा कलकत्त्याला. या तिन्ही ठिकाणी सुप्याचा शेतकरी जाऊ शकत नव्हता. पण या तिघांचं जे काही त्याच्या वाट्याला येत होतं, ते शेवटी एका कागदाच्या रूपात सावकाराच्या पेटीत येऊन पडत होतं. त्यानं नेमका तो कागद मागितला. अर्थशास्त्र शिकलेल्या कुणी सांगावं, याहून अचूक जागा कोणती होती?

सरकारलाही ते मनोमन कळलं असावं. अहवालानं साऱ्याला निर्दोष ठरवलं तरी 1879 साली जो कायदा आला, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा म्हणून, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी, तो सगळा कागदाभोवती फिरतो. न्यायाधीशानं नुसती निशाणी बघू नये, कर्जाच्या मुळापासून हिशेब काढावा. शेतकऱ्याचा दस्त सरकारी नोंदणीदारासमोर लिहिला जावा. पैसे घेतले की पावती द्यावी. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये. मिरजगावच्या अर्जदारानं मागितलेली पावती त्याला अखेर कायद्यात मिळाली. मधल्या तीन वर्षांत, 1876 ते 78, मोठा दुष्काळ येऊन गेला होता. तो अर्जदार ती पावती हातात घ्यायला उरला होता का, कोण जाणे.

कायद्याच्या आडून वाट काढायला सावकारांना वेळ लागला नाही. गहाणखतावर कोर्ट मुळात शिरतं ना, मग सरळ खरेदीखतच करून घ्या. आत कर्ज, वरून विक्री. परगावचा सावकार हळूहळू मागे सरला आणि त्याच्या जागी गावातलाच मोठा बागायतदार आला. हा प्रकार संपलेला नाही, आमच्या भागात तो आजही चालतो. मुलीचं लग्न, बोअरला पाणी न लागणं, दवाखान्याचं बिल, आणि सोसायटीची मर्यादा संपलेली. मग महिना पाच टक्क्यांनी पैसे, आणि 'विश्वासाचं' खरेदीखत. माझ्या एका चुलतभावानं असं खत करून दिलं. समोरचा माणूस परका नव्हता, शेजारच्या गावचा, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो निघाला, अंगठा मशीनवर उमटला, सगळं कायदेशीर. 'पैसे दिलेस की जमीन तुझी' हे वाक्य मात्र बाहेर चहाच्या टपरीवर बोललं गेलं, कुठल्याच कागदावर नाही. राज्यात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, सावकारीतून गेलेली जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. पण ते टपरीवरचं वाक्य सिद्ध कसं करायचं? भाऊ अजून त्याच जमिनीत राबतो. उतारा दुसऱ्याच्या नावावर आहे.

म्हणूनच 2018 चा मार्च महिना मला विसरता येत नाही. 6 मार्चला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा, साधारण 180 किलोमीटर चालत, 12 तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचला. 30 ते 40 हजार माणसं, अखिल भारतीय किसान सभेचे लाल झेंडे, लाल टोप्या. आदल्या रात्री ते शीवला सोमय्या मैदानावर थांबले होते. सकाळी दहावीची परीक्षा होती. मुलांना रस्त्यात खोळंबा नको म्हणून दिवसभर चाललेली माणसं थोडी टेकली आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा उठून चालायला लागली. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले: टाचा फाटलेल्या, तळव्याची सालं निघालेली, चपला तुटून हातात आलेल्या. कोणी त्यांना शहरी माओवादीही म्हटलं.

कर्जमाफी, हमीभाव या मागण्या बातम्यांत पुढे होत्या. पण चालणाऱ्यांतले बहुतेक आदिवासी होते, सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या पट्ट्यातले, आणि त्यांच्या मागणीचा गाभा वनजमिनीचा पट्टा हा होता. 2006 चा वनहक्क कायदा म्हणतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला ती मिळावी. त्यासाठी दावा करायचा. गावच्या वनहक्क समितीकडून तो उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हा समितीकडे. कुठे पुरावा अपुरा म्हणून परत येतो, कुठे नुसता पडून राहतो. कसतो चार एकर आणि पट्टा मिळतो काही गुंठ्यांचा, ही त्यांची तक्रार होती. बायकांच्या गाठोड्यांत भाकरी होत्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले कागद: दाव्याची पोच, दंडाच्या जुन्या पावत्या, रेशनकार्डाची झेरॉक्स. वनखात्यानं अतिक्रमण म्हणून कधीकाळी फाडलेली दंडाची पावती हाच आता जमीन कसत असल्याचा पुरावा, म्हणून ती जपून ठेवलेली.

1875 च्या माणसाला कागदातून सुटायचं होतं, 2018 च्या माणसाला कागदावर यायचं होतं. दोघांचंही भांडण एकाशीच, कागद कोण लिहितो आणि कोणाच्या पेटीत राहतो याच्याशी. सुप्याला निदान दार ठोठवायला एक घर होतं. सुरगाण्याच्या बाईनं कुणाच्या दारावर धडक द्यायची? तिच्या दाव्यावर सावकार बसलेला नाही. समिती आहे, तिचे अध्यक्ष बदलून जातात, बैठकीची तारीख पुढे जाते, फाइल परत फिरते. नाव घेऊन बोट दाखवावं असा एकही माणूस तिथे सापडत नाही, आणि जमीन तरीही मिळत नाही. अशा वेळी 'यात दोषी कोणीच नाही, व्यवस्था तशी आहे' असं म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. समितीला मुदत असते, मुदत पाळली नाही तर विचारणारा कोणीतरी असावा लागतो, आणि ते विचारायचं काम निवडून दिलेल्या सरकारचं असतं. दोष तिथे आहे, आणि तो तिथेच ठेवला पाहिजे. वनखात्याच्या गार्डावर किंवा तलाठ्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही.

12 मार्च 2018 च्या संध्याकाळी सरकारनं मागण्या मान्य केल्याचं लिहून दिलं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असंही त्यात होतं. लोक खास रेल्वेगाड्यांनी परत गेले. फेब्रुवारी 2019 मध्ये ते नाशिकहून पुन्हा निघाले, पुन्हा आश्वासन घेऊन फिरले. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा निघाले आणि शहापूर तालुक्यात वासिंदला येऊन बसले. तेव्हाच्या मागण्यांच्या यादीतही वनपट्टा होताच.